मांजर आडवी गेली की वाघ

परवा पोटाच्या डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघत बसलो होतो. टेबलावर एक जुनं इंग्रजी मासिक पडलं होतं, ते चाळलं, तर आत पानभर मांजराचं चित्र. अंगावर बिबट्यासारखे ठिपके, पोट पांढरं, डोळे हिरवट. खाली लिहिलं होतं, की परदेशात कुणीतरी रानातल्या ठिपक्यांच्या मांजराची घरातल्या मांजराशी सोयरीक जुळवून ही नवी जात काढली आहे. तिला त्यांनी बंगालचं नाव दिलं आहे. ती हुशार असते, पाण्यात खेळते, दिवसभर बोलते आणि घरातल्या एका माणसाला धरून राहते.

मी शेजारच्या पेशंटला चित्र दाखवून म्हणालो, "आमच्याकडे होती ही."

त्याने चित्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि बाकावर थोडा पलीकडे सरकला. आपण चुकून भलत्याच डॉक्टरकडे आलो की काय, असं त्याला वाटलं असावं.

पण खरंच होती. आमच्याकडे म्हणजे सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी. परदेशातल्या लोकांना जी सोयरीक जुळवायला एवढा खटाटोप करावा लागला, ती आमच्या पानमळ्याच्या कुडामागे मध्यस्थावाचून जुळली होती.

महाराष्ट्र तेव्हा नवीन होता. आमच्या गावाने त्याआधी जागचं न हलता राज्यं बदलली होती. आधी मध्य प्रदेशात, मग मुंबईत, मग महाराष्ट्रात. त्यामुळे आपण नेमके कोण, या प्रश्नाने गावात कुणाची झोप उडत नसे. मी इंटर सायन्सला नापास होऊन अकोल्याहून परत आलो होतो आणि घरात माझं स्थान विद्वानाचं होतं. शेतात न्यायच्या कामाचा नाही आणि नोकरीवर कुणी ठेवत नाही, अशा माणसाला आमच्याकडे विद्वान म्हणत.

बाबांचा पानमळा होता. खायच्या पानांचा. पानमळा हे शेत नाही, देवघर आहे, असं बाबा मानत. आंघोळ केल्याशिवाय आत पाय टाकायचा नाही, चपला कुडाबाहेर. मी एकदा विसरून चपलांसकट आत गेलो, तर बाबा आठवडाभर माझ्याशी म्हशीमार्फत बोलत होते. "सांग व त्याले, जेवाले बस म्हना." म्हैस सांगायची नाही, पण मी बसायचो.

घरात एक मांजर होती. अगदीच सामान्य. राखाडी रंग, एक कान फाटलेला, तोंडावर कायम कुणीतरी फसवल्याचा भाव. तिच्या चारित्र्याबद्दल मात्र गल्लीत बरं बोललं जात नसे. सातपुड्याकडून येणारा नाला आमच्या मळ्यामागून जायचा. त्या नाल्यात ती दिवस दिवस गायब असायची. मग एकदा गुरांच्या वैरणीसाठी साठवलेल्या कुटाराच्या ढिगात तिने पिल्लं घातली. बाकीची तिच्यासारखी, राखाडी आणि फसवलेली. एक मात्र बापावर गेलं असावं, असा सगळ्यांचा समज झाला, कारण ते घरातल्या किंवा गल्लीतल्या कुणावरच गेलं नव्हतं.

ते पिल्लू मादी निघालं, आणि ती वाढली तशी बघत राहावी अशी झाली. पिकल्या ज्वारीच्या धांड्यासारखा पिवळा रंग, त्यावर काळे ठिपके. ठिपके तरी कसे, काठ काळाभोर आणि आत तपकिरी छटा, जशी तव्यावरची भाकर कुठे जास्त भाजली जाते. गालांवर पट्टे, शेपटीचं टोक काळं. उन्हात बसली की अंग असं चमके, की मायने एकदा मला विचारलं, "तू हिले माह्या डोक्याचं तेल तं लावून नाई राह्यला?" मागचे पाय पुढच्यांपेक्षा लांब होते. त्यामुळे चालताना ती नेहमी उतरणीला लागल्यासारखी दिसे, अगदी चढावरही.

दिसणं एक वेळ चाललं असतं. स्वभाव चालण्यासारखा नव्हता.

मांजर म्हटली की ती चुलीजवळ झोपते, दूध पिते आणि आपल्याला तुच्छ मानते. हिला यातलं फक्त शेवटचं जमत होतं. हिला पाण्याचं वेड होतं. विहिरीवर मोट ओतली जाते त्या दगडी थारोळ्यात ही जाऊन बसायची. पाणी अंगावर कोसळलं की डोळे मिटून घ्यायची, जशी काही काशीला आली आहे. मग पाटाच्या पाण्यातून चालत मळ्यात. बाबा खूश. "घरात आंघोळ करून मळ्यात येनारी हे एकटीच हाय," असं ते माझ्याकडे बघत म्हणत.

सापडेल ती वस्तू उचलून रांजणात टाकणं हा तिचा दुसरा छंद. मायचं लाटणं, बाबांची पानाची डबी, आणि माझं तर सगळंच. सकाळी दाढीचा ब्रश सापडला नाही, की मी आरडाओरडा न करता रांजणात हात घालत असे. पाणी प्यायला आलेला माणूस तांब्या बुडवून वर काढी, तेव्हा त्यात काय येईल याचा भरवसा नसे. शिवाय बोलणं. म्याव नाही, काहीतरी घशातलं लांबलचक, तक्रारीच्या सुरातलं. माय म्हणे, "सासू गेली तवा वाटलं होतं, आता घरात शांतता राहीन."

माझ्या धाकट्या बहिणीशिवाय ती कुणाचीच नव्हती. बहीण विहिरीवर गेली की ही मागे, बहीण पानं खुडायला बसली की ही पाटात, बहीण जेवायला बसली की ही पाटाशेजारी, तेच लांबलचक काहीतरी सांगत. बहीणही उत्तरं द्यायची. "असं का? मंग तू काय म्हनलं?" मी दोन वर्षं कॉलेजात काढली होती. माझं इतकं लक्ष देऊन तिने कधी ऐकलं नाही.

गावात अर्थातच चर्चा होती. आमच्या दाराला लागून ज्यांचा ओटा होता, ते शेजारचे काका हे त्या चर्चेचं मुख्य ठाणं. त्यांनी ती दिसल्या दिवसापासून जाहीर केलं होतं, की हे बिबट्याचं पिल्लू आहे आणि मोठं झालं की घरातल्या विद्वानाला पहिलं खाईल. "काऊन मलेच?" मी विचारलं. "बाकीचे कामात असते ना बाप्पा," काका म्हणाले, "तूच एक रिकामा सापडशील."

अशात बहिणीचं जमायला आलं. वडनेर भोलजीचं स्थळ. मिरची, कपाशी, थोडी भाजी, खाऊन पिऊन सुखी घर. बघायला आले, तेव्हा मुलाच्या मामांनी बहिणीला विचारलं, "दिवसभर काय करतं व बाई?" बहीण म्हणाली, "रांजनातून वस्तू काढतो." पाहुण्यांनी आपापल्या कपात पाहिलं. मुलगा मात्र हसला. नुसता हसला नाही, हसू दाबताना त्याला चहाचा ठसका लागला. बहिणीने याआधी आलेली स्थळं डोळा वर न करता नाकारली होती. या वेळी ती रात्री मायच्या कानाशी लागली आणि म्हणाली, "हेच पाह्य." आमच्या घरात मुलीने इतकं बोलणं म्हणजे ठराव पास झाल्यासारखंच होतं. हे हातचं गेलं, तर ती पुन्हा कुणासाठी डोळा वर करेल असं मायला वाटत नव्हतं.

पत्रिका वगैरे जुळलं. सुपारी फोडायचा दिवस ठरला. आमच्याकडे सुपारी फुटली की लग्न पक्कं. न फुटता पाहुणे उठले, की त्या घराच्या मुलीला पुढचं स्थळ येईपर्यंत गल्ली हळू आवाजात बोलते.

त्यात एक अडचण होती. मुलाचे मामा. वडील साधे होते, बोलायचे नाहीत. त्या घराचा शब्द म्हणजे मामांचा शब्द, आणि मामांचा शब्द म्हणजे शकुन. शिंक आली की थांबायचे, पाल चुकचुकली की दिशा बघायचे. मांजर आडवी गेली, तर त्या दिवसाचं काम त्या दिवशी नाहीच. स्वतःच्या साळ्याच्या लग्नाला ते निघाले होते, तेव्हा नांदुऱ्याच्या फाट्यावर मांजर आडवी गेली. ते परत घरी जाऊन झोपले. लग्न त्यांच्याशिवाय झालं, आणि मामांच्या मते म्हणूनच ते टिकलं नाही.

राखाडी घराणं एव्हाना नाल्याकडे पांगलं होतं; उरलेली ठिपक्यांची मांजर कोंडायचं काम माझ्याकडे आलं. मी तिला धान्याच्या खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली.

"दादा, कुलूप लाव," बहीण म्हणाली.

मी तिला कडी, तरफ आणि बलाची दिशा यांच्याबद्दल थोडक्यात सांगितलं. मांजराला आतून बाहेरची कडी उघडणं शास्त्राप्रमाणे अशक्य आहे, हे पटवून दिलं. बहिणीने ऐकून घेतलं. "म्हनून तं तू नापास झाला," ती म्हणाली आणि केस विंचरायला गेली.

शास्त्र बरोबरच होतं. तिने कडी उघडली नाही. ती वरच्या गवाक्षातून गेली, ज्याचा विचार तरफेच्या प्रकरणात केलेला नसतो.

पाहुणे एसटीतून उतरून गल्लीत शिरले. पुढे मामा, डोक्यावर पांढरी टोपी, उन्हाची छत्री उघडलेली. मागे मुलाचे वडील, मुलगा आणि बायका. बाबा दारात हात जोडून उभे. मी बाबांच्या मागे, हात जोडायचे की पाण्याचा तांब्या घ्यायचा या विचारात. आणि आमच्या कौलांवरून ती खाली उतरली. तोंडात माझा दाढीचा ब्रश. डावीकडून उजवीकडे, अगदी सावकाश, मामांच्या पायापुढून. मध्यावर थांबली. ब्रश खाली ठेवला, पंजा चाटला, मामांना काहीतरी लांबलचक सांगितलं, ब्रश उचलला आणि शेजारच्या काकांच्या ओट्याखाली जाऊन बसली.

मामांनी छत्री मिटली.

"मांजर," ते म्हणाले. आणि काकांच्या ओट्यावर बसले. "पाव्हणे, राग मानू नका. पोरगी लाखात एक हाय. पन आज सुपारी फुटत नाई."

"मंग कधी?" बाबांनी विचारलं.

"अशा कामाले ज्या दारात मांजर आडवी जाते, त्या दारात मी दुसऱ्यांदा जात नाई."

बाबांचे जोडलेले हात तसेच राहिले. दाराआड बांगड्या वाजायच्या थांबल्या. मुलगा मामांकडे पाहत होता, मग दाराकडे. मी माझ्या कडीकडे पाहिलं. ती अजून लागलेली होती, एखाद्या हुशार विद्यार्थ्यासारखी.

तेवढ्यात शेजारचे काका बोलले. त्यांना आमच्यावर उपकार करायचे नव्हते. त्यांना फक्त आपलं म्हणणं सोडवत नव्हतं.

"मांजर कुठी पाह्यली बाप्पा तुमी? तो तं बिबट हाय. मी साल झालं सांगून राह्यलो, कोनी आयकतच नाई."

मामांनी ओट्याखाली वाकून पाहिलं. ओट्याखालून हिरवट डोळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं गेलं. मामा सरळ झाले आणि टोपी काढून हातात फिरवू लागले. मग म्हणाले, "बिबट म्हंजे वाघाचाच भाऊ. माहा आजा मेळघाटात बांबू आनाले गाड्या घेऊन जाये. वाघ आडवा गेला तं गाड्या थांबवून हात जोडत. वाघदेव दर्शन देऊन गेला म्हनत. ते फेरी कधी खाली नाई गेली."

"तेच म्हनतो मी," बाबा लगेच म्हणाले. ते असं काहीच म्हणाले नव्हते.

"पन हे वाघ हाय का मांजर, हे पक्कं झालं पायजे."

अशा रीतीने आमच्या घरची सुपारी बाजूला राहिली आणि गल्लीत मांजराची चौकशी बसली. कुणी म्हणालं, आवाज मांजराचा नाही. कुणी म्हणालं, आई तर मांजरच होती, फाटक्या कानाची. त्यावर काका म्हणाले, "मायचं सोडा, बापाचं काय?" बायकांनी पदर तोंडाला लावला. मला शास्त्रातलं विचारण्यात आलं. मी संकर या विषयावर तोंड उघडलं, आणि बाबा म्हणाले, "याले पानी आनाले पाठवा."

पाण्यावरूनच मामांना सुचलं. "मांजर पान्याले भेते. वाघ पान्यात बसते. आना घंगाळ."

मी घंगाळ आणलं. माझ्या आयुष्यात मी आणलेली ती पहिली वस्तू, जिचा त्या घराला उपयोग झाला. पुरतं भरायच्या आतच ती ओट्याखालून आली, ब्रश पाण्यात सोडला, स्वतः मागोमाग उतरली आणि गळ्यापर्यंत पाण्यात बसून डोळे मिटले. मामा उठून उभे राहिले आणि त्यांनी हात जोडले. मग मुलाच्या वडिलांनी जोडले. गल्लीत एकामागून एक सगळ्यांनीच जोडले. माझा दाढीचा ब्रश मध्ये तरंगत होता.

"वाघ," मामा म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. "पन मंग पाव्हणे, एक गोष्ट हाय. घरात वाघ ठेवत नाई. सुपारी फोडाच्या आंधी याले जंगलात सोडा. मंग आमी बसतो."

बाबांनी मायकडे पाहिलं. मायने जमिनीकडे. मांजर म्हटलं तर लग्न मोडत होतं, वाघ म्हटलं तर घर. आता नाही कोण म्हणणार? बाबांनी घसा खाकरला, आणि मला कळलं की ते हो म्हणणार आहेत. मला रांजणात हात न घालता दाढी करता येणार होती, आणि मला अजिबात आनंद झाला नाही.

तेव्हा बहीण दारातून बाहेर आली. सुपारी फुटायच्या आत मुलीने पाहुण्यांपुढे गल्लीत येणं, हे आमच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं. काकांच्या ओट्यावरच्या बायका पुढे सरकल्या. नवी साडी न सावरता ती घंगाळापाशी उकिडवी बसली आणि तिने त्या ओल्या जनावराच्या पाठीवर हात ठेवला.

"मामाजी," ती म्हणाली. आवाज कापत होता, पण थांबत नव्हता. "वाघदेव आपल्या पायानं घरात आला. त्याले कोनी हाकलते का? त्याच्या मनात येईन तवा तो आपल्या पायानं जाईन. आमी हाकललं, अन् तो रागावला, तं ते कोनाच्या अंगावर येईन?"

मामांनी विचार केला. शकुनाच्या बाबतीत ते फार प्रामाणिक माणूस होते, हे मला कबूल केलं पाहिजे. स्वतःचा नियम स्वतःवर उलटला, तरी ते तो पाळत. "बराबर हाय," ते म्हणाले. "हाकलनं बरं नाई. राहू द्या त्याले इथंच, तुमच्या घरी. पोरगी वडनेरले येईन, वाघ इथं राहीन. झालं?"

झालंच होतं. बाबांनी सुटकेचा श्वास सोडला. बहिणीने मान हलवली, पण हात काढला नाही. ती रडली नाही. ती त्या मांजराच्या ओल्या कानाशी काहीतरी पुटपुटली, आणि मांजर पहिल्यांदाच काही बोलली नाही.

मग तो मुलगा बोलला. तोवर त्याचा आवाज आम्ही फक्त ठसक्यातच ऐकला होता.

"मामा," तो म्हणाला, "वाघ माहेरी ठेवला, तं शकुनबी माहेरीच राहीन ना. आपल्या घरी काय येईन?"

मामांनी भाच्याकडे पाहिलं. भाचा अगदी गंभीर होता, फक्त त्याच्या गळ्यापाशी काहीतरी हलत होतं, चहा नसताना. मामांनी टोपी घातली, छत्री उचलली आणि बाबांना म्हणाले, "पाव्हणे, वाघ पोरीसंगच येऊ द्या. तुमचं पोट्टं पानी छान आनते. आता सुपारी आना."

सुपारी फुटली. बहीण घंगाळावर वाकून कितीतरी वेळ हसत होती. मायने तिला हात धरून आत नेलं.

लग्नानंतर पाठवणीला बैलांच्या दमणीत बहिणीच्या पायाशी एक डालं होतं, त्यावर जुनं लुगडं बांधलेलं. वेशीबाहेर जाईपर्यंत त्या डाल्यातून तेच लांबलचक, तक्रारीच्या सुरातलं ऐकू येत होतं. माय पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "पोरगी रडत नाई, पन तिची वाघीन पहा." मी घरी येऊन दाढीचा ब्रश शोधला. तो ठेवल्या जागी होता. चार दिवस तरी मी सवयीने रांजणात हात घालत राहिलो.

वर्षाने मी वडनेरला गेलो. बहीण अंगणात हौदाशी कपडे धूत होती, आणि हौदाच्या काठावर ती बसली होती, आधीपेक्षा जाड, ठिपक्यांसकट. बाहेर गल्लीत, भर उन्हात, छत्री उघडून मामा उभे होते. टोपी धुतलेली, पायात नवे जोडे.

"मामा इथं काऊन उभे?" मी बहिणीला विचारलं.

"नांदुऱ्याले बाजारात चालले. आता कुठीबी जायाचं असलं का येथं येतात. हे आडवी गेली म्हंजे निघतात."

"मंग जात नाई का ते?"

"शेवटी मांजरच हाय ना ते दादा," बहीण पिळा मारत म्हणाली. "कोनी वाट पाहून राह्यलं, तं आडवी जाईन का?"

मांजरीने मामांकडे पाहिलं. मामांनी हात जोडले. तिने पंजा पाण्यात बुडवला, बाहेर काढला, सावकाश चाटला आणि डोळे मिटले. मामांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"पाव्हणे," त्यांनी मला हाक मारली, "तुमी आलेच हाय तं गल्लीच्या त्या बाजूले जरा घंगाळ आना."